'त्यांनी' आणि 'त्याने'

मित्रांनो, बाकीची पुस्तकं पूर्ण होऊन बाहेर पडतात, मी मात्र अर्धवटच छापला गेलो. मी इंग्रजी व्याकरणाचं सरावपुस्तक. माझ्या पानापानावर रिकाम्या जागा आहेत आणि त्या दुसऱ्या कुणीतरी भरायच्या असतात. आता माझी शिवण सुटली आहे, अंगाभोवती सुतळी बांधलेली आहे, आणि ही हकिकत मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे. पण एका माणसावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून सांगायला बसलो.

माझा पहिला मालक एक कारकून होता. बढतीसाठी त्याला इंग्रजी शिकायचं होतं. पहिली तीन पानं त्याने शाईने भरली, चौथ्या पानापासून मागची उत्तरं बघून उतरवली, आणि सातव्या पानावर त्याला कंटाळा आला. मग कित्येक वर्षं मी त्याच्या डुगडुगत्या पंख्याखाली टेकू म्हणून पडून होतो. एक दिवस रद्दीत गेलो. त्या ढिगातून मला धाकटीने उचललं.

धाकटी आणि थोरली या दोघी जावा. दोघीही एका मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला होत्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येत. थोरली इस्त्रीच्या रोलरवर, म्हणजे तापलेल्या दोन मोठ्या लाटण्यांच्या मधून चादर सरकवायच्या कामावर. धाकटी पलीकडून ती चादर ओढून घडी घालायची. हातातली कामं झाली, की जेवणाच्या सुट्टीत धाकटी मला डब्याच्या पिशवीतून काढायची. पेन्सिलीने हळूहळू लिहायची, मग मागची उत्तरं उघडून ताडून पाहायची. चुकलं की स्वतःलाच "गाढवे" म्हणायची, खोडायची आणि पुन्हा लिहायची. मित्रांनो, असा सन्मान मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता.

"काय गं मिळतं त्यातून?" थोरली विचारायची.

"कारखान्यातल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत, सगळे कागद इंग्रजीत. आपण कशावर सह्या करतो ते कळायला नको?"

"सहीच तर करायची असते. वाचायला कुणी सांगितलंय?"

असं म्हणायची, पण माझ्यावर पाण्याचा थेंब उडाला तर आपल्या पदराने तीच टिपायची.

कारखान्यात एक साहेब होते. वरच्या कचेरीशी जो काही पत्रव्यवहार व्हायचा तो इंग्रजीत, आणि इंग्रजी फक्त त्यांनाच येत होतं. एका दुपारी ते जेवणाच्या खोलीत आले आणि त्यांनी धाकटीच्या हातातून मला काढून घेतलं. 'माझे कुटुंब' या विषयावर तिने चार ओळी लिहिल्या होत्या. सासरे म्हातारे आहेत, ते दुपारी झोपतात, असं तिला लिहायचं होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसले.

"किती सासरे आहेत गं तुला? दोन? का तीन?"

खोलीतल्या सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, कारण हसायचं का ते तिला कळलं नव्हतं. साहेबांनी ते सांगितलं नाही. त्यांनी माझी शेवटची पानं चाळली. "अच्छा, उत्तरं बघून लिहितेस होय? ही तर कॉपी झाली." आणि माझी उत्तरांची सगळी पानं त्यांनी एका हिसक्यात फाडली, घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

तेव्हापासून मला स्वतःचीच खात्री वाटत नाही. माझ्यात प्रश्न आहेत, पण बरोबर काय, हे सांगायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. धाकटी लिहीत राहिली. चुकत असेल तर चुकीचंच तिच्या हातात बसत गेलं, आणि मी तिच्या मांडीवर मुकाट पडून राहिलो.

पुढच्या महिन्यात एका हॉटेलाच्या जाड पांघरुणांचं मोठं काम आलं. रोलरच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिला बोट लागलं की यंत्र थांबतं. जाड पांघरुणं त्या जाळीत अडकत होती. साहेब आले, त्यांनी स्वतः पाना घेतला आणि जाळी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली. "हात चालवा आता," म्हणाले. तिसऱ्या दिवशी थोरलीचा उजवा हात पांघरुणाबरोबर आत गेला. दोन बोटं वाचतील की नाही, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

साहेबांनी वरच्या कचेरीला कळवलं, की बाईने निष्काळजीपणा केला, तिला कामावरून कमी करावं. थोरलीला नोटीस आली. काही म्हणणं असेल तर आठ दिवसांत इंग्रजीत लिहून द्या.

धाकटीने ते म्हणणं माझ्याच मागच्या कोऱ्या पानावर आधी पेन्सिलीने लिहिलं. साहेब आले. दोन बायका यंत्रापाशी उभ्या होत्या. त्यांनी जाळी काढली. मग हात आत गेला. आपल्याकडे हे कुणीही वाचलं तरी समजेल. साहेबांना 'तो' कोण म्हणतं? म्हणून तिने 'त्यांनी'साठी इंग्रजीतला 'दे' घातला. मी ते वाचत होतो, मित्रांनो. काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण माझं उत्तराचं पान टेबलाच्या पायाखाली होतं.

कचेरीचं उलट पत्र आलं. धाकटीने शब्दकोश घेऊन अख्खा रविवार ते वाचलं. त्यात लिहिलं होतं: तुमच्याच पत्रावरून दिसतं, की यंत्रापाशी दोन बायका उभ्या होत्या आणि जाळी त्यांनी काढली. सबब दोघींनाही कामावरून का कमी करू नये?

"मी असं कुठे लिहिलंय?" धाकटी म्हणाली. "ताई, मी तुझं घालवलं आणि माझंही."

थोरली बांधलेला हात उशीवर ठेवून बसली होती. "रडून काय होणार? पुस्तक आण इकडे. मला वाचून दाखव."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला कळत नाही म्हणूनच दाखव. मी अडले की तूही अडशील."

धाकटी वाचत गेली, अर्थ सांगत गेली. अठ्ठावन्नाव्या पानावर माझ्यात एका राजाची गोष्ट आहे. राजा म्हातारा होता. मोठ्या घरात राहायचा.

"थांब," थोरली म्हणाली. "'राहायचा' काय म्हणतेस? राजे ना ते? 'राहायचे' म्हण."

धाकटीने ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'दे' नव्हता. तिथे 'ही' होता, म्हणजे आपला 'तो'. पुढच्या ओळीतही 'ही'. त्याच्या पुढच्याही.

"ताई, राजालासुद्धा 'तो'च म्हटलंय."

"अगं बाई. आणि देवाला?"

"त्यालाही असेल. 'दे' म्हणजे पुष्कळ जण. मान द्यायला नाही." तिने मागे उलटत जाऊन 'माझे कुटुंब'चं पान काढलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी त्याला माझी चूक कळली होती. त्याने हसून घेतलं आणि सांगितलं नाही. आणि पत्र त्याच्या हातून वर गेलं तेव्हा मी 'दे' कुणाला लिहिते, हे त्याला एकट्याला माहीत होतं. तरी तो गप्प राहिला."

मित्रांनो, त्या क्षणापासून मीही त्याला 'तो'च म्हणतो.

धाकटीने दुसरं पत्र लिहिलं. जिथे 'दे' होता तिथे तिने 'ही' केला, आणि जिथे गरज नव्हती तिथेही घातला. त्याने पाना घेतला. त्याने जाळी काढली. तो म्हणाला, हात चालवा. पेन्सिल इतकी दाबून फिरत होती, की खालच्या तीन पानांवर अक्षरं उमटली. ती अजून आहेत.

तपासणीला वरून एक बाई आल्या. त्यांना आपली भाषा येत नव्हती. जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बसवून त्यांनी पत्र त्याच्याच हातात दिलं आणि सांगितलं, की हे या बायकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, म्हणजे त्यांना सही करता येईल.

तो वाचू लागला. "साहेब यंत्रापाशी आले. दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी जाळी काढली."

"तसं लिहिलेलं नाही," धाकटी म्हणाली.

"तसंच आहे."

"'ही' आहे तिथे. 'त्याने' म्हणा."

"अगं, आपल्या भाषेत मोठ्या माणसाला 'त्यांनी'च म्हणतात."

"'त्यांनी' म्हटलं तेव्हा ते आमच्या अंगावर आलं. आता 'त्याने' म्हणा."

तपासणीच्या बाईंनी पेन उचललं आणि कुठे अडलं, असं विचारलं. त्याने घसा साफ केला. मग चाळीस बायकांसमोर, आपल्या तोंडाने, स्वतःविषयी तो वाचत गेला. त्याने पाना घेतला. त्याने जाळी काढली. तो म्हणाला. मी धाकटीच्या मांडीवर होतो आणि एकेक 'त्याने' मोजत होतो. सतरा झाले. कुणी हसलं नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

थोरलीची नोकरी राहिली. तिला घडीच्या टेबलावर बसतं काम मिळालं. जाळी पुन्हा बसवली गेली आणि पान्याने निघू नये म्हणून तिच्यावर रिव्हेट मारले गेले. त्याला काढून टाकलं, आणि तो गेला तेव्हा निरोप द्यायला दारापर्यंत कुणीही उठलं नाही. मला आनंद झाला का? झाला. पुस्तकाने असं बोलू नये, हे मला समजतं. पण थोरलीची दोन बोटं अजून वळत नाहीत आणि ती डाव्या हाताने माझ्या रिकाम्या जागा भरते. तिची तिरकी अक्षरं पाहिली, की माझा राग नव्याने येतो.

तेव्हा मित्रांनो, माझी विनवणी ऐका. कुणी अडखळत शिकत असेल तर हसू नका. चूक दिसली तर काय चुकलं ते सांगा. आणि कुणाच्या हातातलं पुस्तक हिसकावून त्याची पानं फाडू नका, कारण त्या पानांवाचूनही शिकणारी माणसं असतात आणि ती विसरत नाहीत.

परवा नवे साहेब जेवणाच्या खोलीत आले. मी बाकाच्या कडेला होतो, त्यांच्या धक्क्याने खाली पडलो. थोरलीने डावा हात माझ्याकडे पुढे केला.

"काय वाचताय?" त्यांनी विचारलं.

"व्याकरण," थोरली म्हणाली.

त्यांनी वाकून मला दोन्ही हातांनी उचललं, माझी धूळ झटकली आणि होतो तिथे ठेवलं.