दाखलपात्र

"राही, झोका का थांबला गं?"

योगिनी मॅडम बाहेरच्या खोलीतून ओरडल्या आणि आत पाळण्याच्या कड्या पुन्हा कुरकुरू लागल्या. राही सहा वर्षांची. पाळण्याची दोरी मनगटाला दोन वेढे घालून ती बसायची, कारण दोरी निसटली की बाळ उठायचं, आणि बाळ उठलं की तिला बोलणी बसायची. तिची आई हिरी स्वयंपाकघरात चहा करत होती. मॅडमबरोबर त्यांच्या शाळेतले हरेश सर आले होते.

दोघेही सकाळपासून पाडे फिरून आले होते. शाळा उघडायच्या आधी दर जूनमध्ये मास्तरांना घरोघर जावं लागतं. सहा वर्षांची मुलं शोधायची, 'दाखलपात्र' म्हणून त्यांची नावं यादीत लिहायची, आईबापांना समजवायचं. पट कमी झाला की शिक्षकही कमी होतो, त्यामुळे हे समजावणं अगदी पोटतिडकीने चालतं.

गेल्या जूनमध्ये मॅडम अशाच हिरीच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. म्हसा गावाच्या रस्त्यावरचा पाडा, मॅडमच्या मुरबाडच्या घरापासून जीपने वीस मिनिटं. "पाच वर्षांची? मग पुढच्या वर्षी," म्हणत त्यांनी वही मिटली. पाणी प्यायल्या, आणि मग विचारलं, "माझी रजा संपली गं. बाळाला सांभाळायला येशील का?"

"माजी पोर कुठं ठेवू? हिचा बाप वीटभट्टीवर असतो."

"घेऊन ये की तिला. माझ्या घरात एका पोरीची काय अडचण?"

हिरीला बाई देवमाणूस वाटल्या. वाटणारच. एरवी काम देणारा माणूस पोर बघून दुसरीकडे तोंड फिरवतो.

अडचण खरंच झाली नाही. सोय झाली. पहिला महिना राही कोपऱ्यात बसून राहिली. दुसऱ्या महिन्यात "जरा दोरी धर गं" सुरू झालं. दिवाळीपर्यंत दुपटी वाळत घालणं, खेळणी आवरणं, आल्यागेल्याला पाणी देणं, सगळं तिच्या अंगावर आलं. एक बाई कामाला ठेवली आणि दोघी मिळाल्या, त्यातली एक फुकट. वर मॅडम शेजारणींना सांगायच्या, "तिच्या मुलीलाही मीच ठेवून घेतलंय हो." शेजारणी हळहळायच्या, मॅडमच्या मोठ्या मनाचं कौतुक करायच्या. राहीच्या मनगटाकडे एकीनेही पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये हिरीने विषय काढला होता.

"मॅडम, औंदा राहीला शाळंत घालायची हाय."

"जन्माचा दाखला आहे?"

नव्हता. राही घरीच जन्मली. पाड्यावर नवं खायचा दिवस होता, नव्या भाताचा पहिला घास देवाला दाखवून मगच खायचा तो. ओढ्याला पाणी चढलेलं, दवाखान्याची गाडी पलीकडेच थांबली. मागाहून जन्माची नोंद करायची असते, हे हिरीला कोणी सांगितलं नाही.

"मग अवघड आहे गं," मॅडम म्हणाल्या. "दाखल्याशिवाय नाव लागत नाही. राहू दे यंदा. इथे शिकतेच आहे की ती."

शिकत होती खरी. शंभर झोक्यांत बाळ झोपतं, म्हणून शंभरपर्यंत आकडे तिला तोंडपाठ झाले होते. हिरीने मात्र सगळा दोष स्वतःकडे घेतला. आपण कागद केला नाही, आपल्यापायी पोर अडली, असं म्हणत दोन महिने ती आतल्या आत कुढत राहिली.

आता चहाला उकळी येत होती आणि बाहेरून हरेश सरांचा आवाज आला.

"त्या लखमाच्या बायकोला काय पटवलंत हो मॅडम! दाखला नाय, दाखला नाय करून रडायला लागलेली."

मॅडम हसल्या. "दरवर्षीचंच आहे सर. दाखला नसला तरी चालतो, आईने वय लिहून दिलं की पुरे. शंभरदा सांगावं लागतं. अडाणी लोक, कोणीतरी काहीतरी सांगतं आणि हे पोरांना घरी बसवतात."

चहा उतू गेला. हिरीने गॅस बंद केला, पण ओटा पुसला नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर बाईने दिवा मुद्दाम झाकून ठेवला होता, आणि तोही हिरीच्याच पोरीपासून.

ती कप न घेताच बाहेर आली.

"सर, दाखला नसला तरी घेतात?"

"घेतात म्हणजे? घ्यावंच लागतं. कायदाच आहे तसा. कोणाला घालायचंय?"

"माज्या पोरीला. सा वर्सांची हाय. नवं खाल्लं त्या दिशी झालेली."

हरेश सरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. वर्षभरात या पोरीच्या हातचं पाणी ते दहादा तरी प्यायले होते. तिला वय आहे हे त्यांना आज पहिल्यांदा सुचलं. यादी मांडीवर होती, पेन खिशात होतं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि पेन खिशातच राहिलं.

"हिरी, आत जा. आपण नंतर बोलू," मॅडम म्हणाल्या.

"नंतर नाय. मला दाखला लागतो बोललात. पाड्यावर लागत नाय, नि तुमच्या घरात लागतो?"

"अगं, पुढच्या वर्षी घालणारच होते मी. बाळ जरा मोठं झालं की. आणि ती काय उन्हातान्हात आहे का? पंख्याखाली बसते, दोन वेळा पोटभर जेवते."

"जेवती म्हणून तिनं तुमचं पोर सांबाळायचं? मला कामाला ठेवलंत मॅडम. तिला नाय ठेवलं."

"आवाज खाली! सर बसलेत. आणि असंच असेल तर मला दुसरी बाई बघावी लागेल, सांगून ठेवते."

पावसाळ्यात भट्टी बंद, नवरा घरी. चार महिने या घरच्या पगारावरच चूल पेटायची होती. ते मॅडमना पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर त्या बोलल्या.

"बघा दुसरी," हिरी म्हणाली.

आत जाऊन तिने राहीच्या मनगटाचे वेढे सोडले, तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सरांच्या समोर उभं केलं. मनगटावर दोरीचा काळा वळ होता.

"लिवा सर. राही. बापाचं नाव पंढरी."

सरांनी पेन काढलं आणि लिहिलं. त्याबद्दल त्यांचं कौतुक करावं असं मला मुळीच वाटत नाही.

सोळा जूनला पाड्याजवळची शाळा उघडली. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, नव्या मुलांच्या हातात एकेक फूल आणि कोरी पुस्तकं. पहिलीचा वर्ग योगिनी मॅडमचाच. दहा दिवसांत त्यांना दुसरी बाई मिळाली नव्हती, त्यामुळे त्या बाळाला कडेवर घेऊन आल्या होत्या. वर्गाच्या कोपऱ्यात कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत ओढणीची झोळी बांधली होती. आपलं मूल कामावर आणलं की काय होतं, ते आता बाईंना कळणार होतं.

दुसऱ्याच्या शेतावर पेरणीला निघालेली हिरी वाटेत खिडकीपाशी थांबली. आत मॅडम हजेरी घेत होत्या.

"राही."

"हजर."

मॅडमनी हजेरी मिटली आणि फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. तेवढ्यात झोळीतलं बाळ रडायला लागलं. राही ताडकन उठली. दोन पावलं गेलीसुद्धा. मॅडमनी वळून पाहिलं, पण 'जागेवर बस' म्हटलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"राही, बस खाली!" हिरी गजांतून ओरडली. सगळा वर्ग खिडकीकडे वळला. "त्याची आय हाय तिथं."

राही मागे फिरली आणि जागेवर बसली. मॅडमनी खडू ठेवला आणि त्या झोळीकडे गेल्या.

बाळ लवकर गप्प होईना. राहीची नजर फळ्यावरच्या अक्षरावर होती. उजवा हात मात्र मांडीवर पुढे-मागे होत होता, आणि ओठांतल्या ओठांत ती मोजत होती.