भंगारात काढलेला दांडा

भावपाडे हे काही त्याचं आडनाव नव्हे. ते सासरच्यांनी ठेवलेलं नाव, आणि गडी असा थोर की त्याला ते कौतुकच वाटायचं. भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत त्याने कुणाला सोडलं नव्हतं. एकदा तर दाढ काढून झाल्यावर, तोंडात कापसाचा बोळा असताना, नुसत्या बोटांच्या खुणांनी त्याने दोनशे रुपये कमी करून घेतले होते. पोटापाण्याचं कामही तसलंच. विमा कंपनीतर्फे तो चेपलेल्या गाड्या तपासायचा आणि "हा पोचा आधीचा, हा ओरखडा जुना" करत करत समोरच्याची भरपाई निम्म्यावर आणायचा. दोषांची यादी लिहावी तर त्यानेच!

तर अशा माणसाला घर घ्यायचं होतं, तेही आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हातारी तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. चौदा महिने रस्ता पाहिला तो खिडकीतून. पण तिचं खरं दुःख रस्त्याचं नव्हतंच. संडासला जायचं म्हटलं तरी सुनेला हाक मारावी लागायची, आणि दर हाकेला ती मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. बिचारी पाणीसुद्धा घोटभरच प्यायची.

तळमजल्यावरचं ते घर शोधलं सुनेने. मालकीण निवृत्त नर्स, एकटी, आता बहिणीकडे राहायला निघालेली. तिचा नवरा वेल्डर होता. शेवटच्या दिवसांत त्याचे गुडघे गेले, तेव्हा त्याने पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीच्या कडेने धरून चालायला एक स्टीलचा दांडा स्वतःच्या हाताने बसवला होता. कोपऱ्यावर छान वळवलेला, आणि जोड कुठे आहे ते हाताला कळू नये इतका घासलेला. दाराशी पायरीवर पत्र्याचा उतारही त्यानेच केला होता. सुनेने पाहिलं आणि ठरवलं, घ्यायचं तर हेच.

आईला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं, गाडीत घातलं, आणि वाटेत भावपाड्याने शिकवणी घेतली. "घर आवडलं तरी तोंडावर दिसता कामा नये. समोरच्याला कळलं की भाव चढलाच! आई, तू अधूनमधून कण्ह. आणि तू," तो बायकोला म्हणाला, "तू बोलूच नकोस."

"आणि खरंच दुखलं तर काय करू?" आईने विचारलं.

"तर मग जोरात कण्ह."

घरात गेल्या गेल्या म्हातारीने दांडा धरला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. बाथरूमपर्यंत नऊ पावलं गेली, दाराला हात लावून नऊ पावलं परत आली. कुणाला हाक नाही, कुणाचा हात नाही. तिचा चेहरा असा उजळला की सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. भावपाडे जोरजोरात खाकरला.

"अगं आई गं," म्हातारी कण्हली, पण ओठांवरचं हसू काही तिला आवरेना.

आता बाजी हातची जाते म्हणून भावपाडे सुटला. "फडताळं तिरकी. ओट्याला चीर. दाराशी तो गंजका पत्रा. आणि भिंतीवर हे काय भंगार लावून ठेवलंय? घर आहे का दवाखान्यातला वॉर्ड!"

"तो दांडा आमच्या ह्यांनी केलाय," नर्सबाई म्हणाल्या.

"असेल हो काकू. पण भावना वेगळी, भाव वेगळा."

नर्सबाईंचा चेहरा पडला. त्या म्हातारीजवळ गेल्या. "मावशी, तुम्हीच सांगा. हा दांडा उपयोगी पडेल ना तुम्हाला?"

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. लेक डोळे वटारून उभा. लहानपणी तिने त्याला असेच डोळे वटारून पाहुण्यांसमोर गप्प बसवलं असेल, त्याची परतफेड होती जणू.

"नको गं बाई," ती म्हणाली. दांडा मात्र तिने एकेक बोट उचलत सोडला.

"ऐकलंत?" भावपाडे खूश. "दांडा, फडताळं, उतार, सगळ्याची किंमत शून्य. वर ते काढायची कटकट आमच्या माथी. चाळीस हजार कमी करा."

"म्हणजे या वस्तू घराच्या किमतीत धरायच्या नाहीत?"

"अजिबात नाही!"

"मग तसं लिहून द्या."

बायकोने त्याची बाही ओढली. "अहो, असं लिहून दिलंत तर उद्या..."

"तुला काय सांगितलं होतं मी?"

आणि त्याने झोकात लिहून दिलं. 'खालील निरुपयोगी वस्तू विक्रीत समाविष्ट नाहीत.' खाली मुद्देवार यादी आणि फर्मास सही. पुढे महिनाभर ऑफिसात ज्याला त्याला चाळीस हजारांची गोष्ट ऐकावी लागली.

ताबा मिळाला त्या दिवशी आई नवी साडी नेसली होती. दाराशी उतार नव्हता, म्हणून तिला दोघांनी उचलून आत घेतलं. आत भिंती सपाट होत्या. भोकं बुजवलेली, वर ताजा रंग. म्हातारीने सवयीने हात पुढे केला आणि तो भिंतीवरून नुसता घसरला.

ओट्यावर किल्ल्यांखाली चिठ्ठी होती. 'यादीतलं सगळं काढलं आहे. तुम्हाला कटकट नको म्हणून भिंतीही रंगवून घेतल्या. मावशींना नमस्कार.'

भावपाड्याने फोन लावला. "काकू, तो दांडा?"

"माझ्या जुन्या हॉस्पिटलात दिला. हाडांच्या वॉर्डात बसवला परवाच."

"अहो, पण मी विकत घेतला असता!"

"शून्य किमतीची वस्तू विकतात का कुठे? तुमचीच तर सही आहे." आवाजात राग नव्हता. असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वेल्डर बोलावला. तसाच दांडा, तसंच वळण, तशीच घासाई, शिवाय दाराशी उतार मिळून त्याने पंचावन्न हजार सांगितले, आणि दीड महिना. "चाळीस कर," भावपाड्याच्या तोंडून आपोआप निघालं. वेल्डर टेप गुंडाळून चालता झाला. आजवर दाराशी पोचला की मागून हाक यायची ती भावपाड्याला. आज भावपाडेच हाका मारत फाटकापर्यंत धावला आणि पंचावन्नला कबूल होऊन आला.

पण दीड महिना आईने काय करायचं? बायको कामाला जायची. सकाळी डबा भरताना ती नुसती त्याच्याकडे बघायची, आणि त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. त्याने रजा टाकली.

पहिल्या सकाळी आईने हाक मारली. तो धावला, वाकला, तिचा हात खांद्यावर घेतला. "हळू गं आई. उजवा पाय. घाबरू नको, मी आहे ना! वेल्डरला सांगितलंय, त्याहून भारी दांडा करून घेऊ. आणि बघ, चाळीस तर वाचलेच होते, म्हणजे तसं बघितलं तर वरचे पंधराच..." नऊच्या नऊ पावलं त्याचं तोंड चालूच.

बाथरूमच्या दाराशी म्हातारी थांबली. खांद्यावरचा हात काढून तिने चौकट धरली.

"तो दांडा बरा होता रे," ती म्हणाली. "बोलत नव्हता."

आणि तिने दार लावून घेतलं.