काठीवरच्या माश्या

गावात आलेल्या बाबाने काठी वर धरली आणि पेरूच्या बागेतल्या फळमाश्या भिरभिरत येऊन तिच्यावर बसल्या. गर्दीने हात जोडले.

"बघा, कीडसुद्धा शरण येते! माणसं कधी येणार?" बाबा गरजला. "सून आली, कीड आली. सून बाहेर, शाप बाहेर!"

सून पिशवी भरून दारात उभी होती. तिला न्यायला आलेल्या थोरल्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कीटकांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मागच्या खेपेला तिने झाडावरच्या पेरूतली अळी तपासायला नेली होती आणि बाबाच्या टोपलीतल्या 'शाप शोषणाऱ्या' फळातलीही. ही फळं म्हणे न कापता झाडाच्या मुळाशी पुरायची.

तिने पायातली चप्पल काढली. आता बाबाला बसणार, असं सगळ्यांना वाटलं. बसायला हवीच होती! पण तिने पर्समधून एक कुपी काढली, तिच्यातलं औषध चपलेवर शिंपडून ती फांदीला अडकवली. हळूहळू माश्या चपलेवर जमल्या.

"घ्या, माझी चप्पलही सिद्धपुरुष निघाली! हा वास नर माश्यांना ओढतो. सापळ्यात घालायचं औषध बाबाने काठीला चोपडलंय. माद्या मात्र तुमच्या फळांत अंडी घालतायत."

"पण सून आणि कीड एकाच हंगामात आल्या," सासू कुरकुरली.

"बाबाची फळंही त्याच हंगामात आली, काकू, तीही किडीच्या आधी! अळ्या दिसायला सारख्याच, म्हणून आम्ही त्यांचा डीएनए वाचला. ही माशी आपल्याकडची नाहीच, परदेशी आहे. झाडातली आणि टोपलीतली अळी तंतोतंत जुळली. बाबा फळं वाटत जिथून जिथून आला, तिथल्या सापळ्यांतही हीच निघाली. अळी फळातून मातीत उतरते, कोष करते आणि माशी होऊन वर येते. फळं पुरून तुम्हीच तिचं बाळंतपण केलंत!"

"प्रयोगशाळेतल्या यंत्राचं काय ऐकता?" बाबा ओरडला.

"मग डोळ्यांनी बघा." तिने टोपलीतलं फळ कापलं. आत अळ्या वळवळत होत्या. बाबा टोपली उचलायला धावला, पण लोकांनी ती सोडली नाही.

"घरातल्या माणसाकडे कुणी बोट दाखवलं, तर आधी पुरावा मागा," बहीण म्हणाली. "काढायची तर फळं पुरलेली माती उकरून काढा. पोरीला कशाला काढता?"

सासूने सुनेची पिशवी आत ठेवली आणि कुदळ आणून तिच्यापुढे धरली.

सुनेने हात लावला नाही. "पुरलं तुम्ही, उकरा तुम्ही," ती म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली.