तिघांना विचारून केलेली विक्री

“पण मदत केली कुणी कुणाला?” ओडलाइवने तिसऱ्यांदा विचारलं.

पालिकेच्या बाजूने ऑस्लोहून आलेली वकीलबाई सुन्निव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पालिकेने गावची बंद पडलेली शाळा गावातल्याच गुनव्होरला लोकरीच्या गिरणीसाठी विकली. बाजारभावाहून बरीच स्वस्तात विकली. म्हणजे मधला फरक पालिकेने तिच्या पदरात टाकला, आणि सरकारने एकाच धंद्याला असा टेकू द्यायचा नसतो. डोंगरापलीकडच्या गिरणीने तक्रार केली, अशा सरकारी मदतीवर नजर ठेवणाऱ्या ब्रसेल्सच्या कार्यालयाने ती खरी धरली.

“आमच्या फ्योर्डच्या काठावर बाजारच कुठाय, तर बाजारभाव असेल?” ओडलाइव म्हणाला.

एकतीस वर्षं तो आमच्या पालिकेत जमिनी आणि इमारतींचं टेबल सांभाळतोय. माणूस इतका सरळ की कधीकधी वैताग येतो. पालिकेचं पेन चुकून खिशातून घरी गेलं, तर दुसऱ्या दिवशी ते परत आणून वर माफी मागेल. त्याच्यावर मेहेरनजरेचा ठपका आला, तेव्हा गावाला आधी हसूच आलं.

“जाहिरात दिली होती मी. दुकानाच्या फळ्यावर आणि जिल्ह्याच्या पेपरात. चांगले दहा दिवस.”

“बोल्या किती आल्या?”

“एक. गुनव्होरची.”

“एकच का?”

“अगं, बाकीच्यांना मी स्वतः विचारून आलो ना.” ओडलाइवचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला. “होडीवाला, त्याचा भाऊ आणि वरचा मेंढ्यावाला. तिघांचाही डोळा होता शाळेवर. म्हटलं, गुनव्होरला हवीय, तुमचं काय? तिघंही म्हणाले, मग आम्ही कशाला मध्ये पडू? फाइलीत बावीस नंबरच्या पानावर लिहिलंय सगळं.”

सुन्निव्हाने ते पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“ओडलाइव, बोली लावणाऱ्यांना तू त्यांच्या दारात जाऊन थोपवलंस.”

“थोपवलं कुठे? कॉफी प्यायलो.”

“हे पान नसतं तर आपल्याला बोलायला निदान जागा उरली असती.”

“पण पान आहे,” तो गोंधळून म्हणाला. “जे झालं ते लिहिलंय.”

इथे शेजाऱ्याच्या वर कुणी बोली लावत नाही. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की त्याच्याच होडीतून डॉक्टरकडे जायचं असतं. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही लपवण्यासारखं असेल, असं ओडलाइवला वाटलंच नाही. मलाही वाटलं नसतं.

“डोंगरापलीकडच्या गिरणीत सात बायका कामाला आहेत,” सुन्निव्हा हळूच म्हणाली. “त्यांच्याकडे कॉफीला गेला होतास?”

“नाही,” तो म्हणाला. “ते मनातच आलं नाही.”

ब्रसेल्सने सांगितलेला किमतीतला फरक भरून देणं गुनव्होरच्या आवाक्यात नव्हतं. विक्री रद्द झाली. या खेपेला देशभर जाहिरात लागली, तीही दोन महिने. गुनव्होरने होतं नव्हतं ते बोलीत घातलं. शाळा बर्गेनच्या एका हॉटेलवाल्याला गेली. आमच्या तिघांनी याही वेळी बोली लावली नाही. डोंगरापलीकडच्यांनीही नाही, आणि याचा अर्थ काय लावायचा हे मला आजतागायत समजलेलं नाही.

ताबा घ्यायला ओडलाइव गेला तेव्हा यंत्रं निघून गेली होती. गुनव्होर वर्गाची जमीन गुडघ्यांवर बसून घासत होती. आमच्याकडे घर सोडताना धुऊन देतात, देणं राजीखुशीचं असो वा नसो.

त्याने दारात बूट काढले आणि मोज्यांवर उभा राहिला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “नेमकं कुठे, ते अजून नीट कळत नाही. पण भोगतेयस तू.”

“मलाही नाही कळत,” गुनव्होर म्हणाली. “तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं मी. दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले.”

“चिड ना.”

“आता जमीन ओली आहे. उभा राहू नकोस तिथे, डाग पडतील.”

ओडलाइवने कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि दुसरा ब्रश उचलून समोरच्या भिंतीपासून घासायला सुरुवात केली. गुनव्होरने पाण्याची बादली दोघांच्या मधोमध सरकवली.