चौथा फर्मा

आमचं प्रकाशन म्हणजे आवळ्याभोपळ्याची मोट. एका टेबलावर जाडजूड समाजशास्त्रीय संशोधन, तर शेजारी भुताखेतांच्या कविता. कविता हातोहात जातात. संशोधनाला वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. दोन्हींची मुद्रितं मीच तपासते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

म्हणूनच ताईला म्हटलं होतं, "घरातल्या मारहाणीवर पुस्तक निघतंय. त्या संशोधक बाईंशी बोल. नाव छापणार नाहीत. आणि भावोजी असलं पुस्तक जन्मात उघडायचे नाहीत." आईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते ताईने त्या बाईंना सांगितलं.

भावोजींना वेड भुतांच्या कवितांचं. संध्याकाळी मोठे दिवे मालवून ते ताईला कविता वाचून दाखवतात. ती दचकली की त्यांची कळी खुलते.

त्या दुपारी कवितासंग्रहाच्या प्रती बांधून आल्या. सहज एक चाळली. मधल्या पानांवर ताईची मुलाखत होती.

बाइंडरकाकांना फोन लावला.

"दोन्ही पुस्तकं एकदमच बांधायला आली ना गं," काका म्हणाले. "कागद तोच, आकार तोच. संशोधनाचा चौथा फर्मा कवितांमध्ये गेला असणार. पानांचे आकडे जुळले, मग कळणार कसं?"

फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. सोळाच्या सोळा पानं माझ्या बहिणीची.

"एकही प्रत बाहेर जाता कामा नये," मी ओरडले.

मालक चष्मा पुसत म्हणाले, "एकच गेली. तुझे भावोजी मघाशी घेऊन गेले. पहिली प्रत घरच्या माणसाला!"

ताईच्या घरी पोचले तेव्हा भावोजी खुर्चीत बसून वाचत होते. समोर ताई, हात मांडीवर घट्ट धरून. अर्धंअधिक पुस्तक अजून उजव्या हाताला होतं. म्हणजे ती पानं अजून आली नव्हती.

"भावोजी, ही प्रत खराब निघाली. बदलून देते."

"बस गं. ही कविता होऊ दे." त्यांनी पान उलटलं. "अरे, ही मुक्तछंदात दिसतेय."

आणि ते वाचू लागले. "ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर शेजारी तरी आले असते. ते हसून पाणी मागतात. मी पाणी आणते, तेव्हा मला कळलेलं असतं."

"वा!" भावोजी म्हणाले. "याला म्हणतात भीती. नाहीतर नुसतीच वटवाघळं."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपलेच शब्द तिने ओळखले होते. मी पुस्तकाला हात घातला; त्यांनी ते अलगद बाजूला घेतलं.

"आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतात," त्यांनी वाचलं. "मग दार लावून..."

ते थांबले. ती ओळ त्यांनी मनात पुन्हा वाचली असावी. मग पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं आणि ताईकडे बघून हसले.

"जरा पाणी आण," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू निघ आता. उशीर होतोय."

बोलता बोलता त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मी ताईचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर काढलं. ती अनवाणीच होती. जिना उतरताना मी कान मागे लावले होते. वरचं दार लागल्याचा आवाज येऊ दे, ते आतच राहू देत, एवढंच मनात म्हणत होते. तो आवाज आला नाही.