सात नंबरची खुर्ची

स्केल्डबी हॉल ही इंग्लंडमधली जुनी हवेली आता तिकीट काढून बघता येते. तिच्या दिवाणखान्यात सोन्याचा मुलामा दिलेल्या आठ खुर्च्या आहेत, आणि त्यातल्या एकीवरही कुणाला बसता येत नाही. प्रत्येकीच्या गादीवर एकेक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. 'बसू नका' अशी पाटी लावली तर म्हणे खोलीची शोभा जाते. बोंड दिसलं की पाहुणा आपोआप शहाणा होतो.

मर्टल थ्रॉसल त्या खोलीत दर बुधवारी उभी असायची. एकोणीस वर्षं! पगार नाही, नुसता छातीवर बिल्ला आणि चहा फुकट. पाहुण्यांना छतावरची नक्षी दाखवायची, हात लावू नका म्हणून हसून सांगायचं, आणि पाय भरून आले की दाराआडच्या स्टुलावर घटकाभर टेकायचं. वय शहात्तर, उजव्या खुब्यात धातूचा सांधा. स्टूल गेलं की आपला बुधवार गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमकं तेच गेलं. क्रिस्पिन नावाचा नवा व्यवस्थापक आला आणि आल्या आल्या त्यानं खोल्याखोल्यांतली अकराच्या अकरा स्टुलं उचलून तळघरात टाकली.

"जुन्या काळाचा भास मोडतो हो त्यानं," सकाळच्या बैठकीत तो म्हणाला. "शिवाय उभा माणूस पाहुण्यांना आपुलकीचा वाटतो."

"आणि आडवा पडलेला?" जेवणघर सांभाळणाऱ्या हिल्डानं विचारलं.

सगळे हसले. क्रिस्पिनही हसला, पण स्टुलं काही वर आली नाहीत.

"ज्यांना झेपत नसेल त्यांनी तिकिटाच्या खिडकीत बसावं," तो मर्टलकडे बघत म्हणाला. "तिथे खुर्ची आहे."

तिकिटाची खिडकी! म्हणजे फाटकाजवळचं ते खोकं! मर्टलच्या डोक्यात तिडीक गेली. तिची आई एडा याच दिवाणखान्यात चौदा वर्षं चहाचा ट्रे धरून भिंतीशी उभी राहिली होती, आणि लेकीनं म्हातारपणी फाटकावर बसायचं? बघतेच कोण हलवतं मला, ती मनात म्हणाली.

एवढ्यात क्रिस्पिननं हॉलच्या सामानाची १९११ सालची यादी काढली. जुन्या वस्तूंवर पोराचा जीव होता, हे मात्र खरं.

"मूळचं सगळं बावन्न सालच्या लिलावात गेलं," तो हळहळत म्हणाला. "या सोनेरी खुर्च्यासुद्धा दुसरीकडून उसन्या आणलेल्या. हे ऐका, 'नोकरांच्या जेवणघरातल्या लाकडी खुर्च्या, नग बारा, बैठकीखाली आकडा डागलेला.' यातली एक जरी मिळाली असती ना!"

मर्टलनं चहात बिस्कीट बुडवलं आणि मोडायच्या आत बाहेर काढलं.

पुढच्या बुधवारी ती बसमध्ये चढली ती एक लाकडी खुर्ची काखोटीला मारून.

"हिचं तिकीट?" ड्रायव्हरनं डोळा मारला.

"ज्येष्ठ नागरिक आहे ती. माझ्यापेक्षा मोठी."

दिवाणखान्यात तिनं खुर्ची दाराजवळ ठेवली आणि त्यावर ऐसपैस बसली. क्रिस्पिन धावतच आला.

"हे काय मर्टलबाई? बाहेरचं सामान इथे चालत नाही!"

"बाहेरचं?" मर्टल उठली. "उलटी करून बघ."

त्यानं खुर्ची उलटी केली. बैठकीखाली तापल्या लोखंडानं डागलेला आकडा होता, सात. क्रिस्पिनच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"कुठे सापडली ही?"

"सापडायला हरवली कुठे होती? आईनं लिलावात घेतली. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात आहे. हिच्यावर बसून आम्ही बटाटे सोललेत."

क्रिस्पिननं खुर्ची अलगद सरळ ठेवली. मग कोपऱ्यातल्या टोपलीतून एक काटेरी बोंड आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्या बैठकीवर ठेवलं.

"हॉलची मूळ वस्तू आहे ही," तो म्हणाला. "आता हिच्यावर कुणीही बसायचं नाही."

घ्या! आपल्याच खुर्चीवरून आपल्यालाच उठवलं की यानं! मर्टलनं बोंड उचललं, खाली बसली आणि ते आपल्या मांडीवर ठेवलं.

"हॉलची असेल, तर मीपण हॉलचीच. पागेवरच्या खोलीत जन्मले मी. आणि माझी असेल, तर मी बसणारच. तुला कसं हवं ते ठरव."

"मग मला तुमचा बिल्ला घ्यावा लागेल."

"घे की." तिनं बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला.

"आता उठा."

"आता कशाला उठू? आता मी तुझी कोण लागते?"

अकराची घंटा झाली आणि ग्रिम्स्बीहून आलेल्या बसभर बायका आत शिरल्या. त्यांच्यादेखत म्हातारीला दंडाला धरून काढायची क्रिस्पिनची छाती नव्हती. बरं, बिल्लेवालं माणूस नसेल तर खोली उघडी ठेवायची नाही, हा हॉलचा नियम, आणि जास्तीचं माणूस त्या दिवशी कुणी नव्हतं. झक मारत तिचाच बिल्ला छातीला लावून तो स्वतः भिंतीशी उभा राहिला.

बायकांनी छताकडे बघितलंही नाही. सगळ्या मर्टलभोवती जमल्या.

"आम्ही बसलं तर चालेल?"

"अजिबात नाही," मर्टल म्हणाली, आणि त्यांना एडाची गोष्ट सांगू लागली. ट्रे किती जड असायचा, पाय कसे सुजायचे, आणि आई या खोलीत एकदासुद्धा कशी बसली नाही.

बारा वाजले, एक वाजला. क्रिस्पिन अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकू लागला. दोनच्या सुमाराला त्यानं शेकोटीच्या कठड्यावर कोपर टेकलं.

"टेकू नकोस बाळा," मर्टल म्हणाली. "जुना संगमरवर आहे. एकोणीस वर्षांत मी कधी टेकले नाही."

त्यानं कोपर काढलं. तीनला खोली रिकामी झाली. त्याच्या टोकदार नव्या बुटांकडे मर्टलचं मघापासून लक्ष होतंच.

"मर्टलबाई," तो हळूच म्हणाला, "दोन मिनिटं... दोनच मिनिटं बसू का?"

"नाही."

त्यानं वाकून एका बुटाची नाडी सैल केली.

"तळघरात स्टुलं आहेत," ती म्हणाली. "जा, घेऊन ये. आणि एकच नको आणूस, अकराच्या अकरा आण."

क्रिस्पिन लंगडत दाराकडे निघाला.

"थांब!" मर्टलनं हात पुढे केला. "बिल्ला दे आधी. खोली अशी सोडून जायची नसते."