वाट पाडणारी पेशी

मॅडमचा हात सहसा चुकत नसे. माशांच्या अंड्यांतल्या, काचेसारख्या नितळ गर्भांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. गर्भाचा मेंदू घडताना आधी एखादीच चेतापेशी आपला तंतू पुढे धाडते. तो चाचपडत वाट पाडतो आणि मागून येणारे तंतू त्याच्या अंगाला लागून मुक्कामी पोचतात. ही पहिली पेशी वेळेआधी लेसरने जाळली, की मागचे सारे भरकटतात. हे दाखवून देण्यात मॅडमचा हातखंडा होता.

आज मात्र त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. परगावी असलेल्या लेकीला सातवा महिना लागला होता. विनवणी करणे मॅडमच्या स्वभावात नव्हते, तरी काल फोनवर त्यांनी तीही केली होती.

"आता बाळाला ऐकू येतं. कानावर पडेल त्यानंच मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. राहायला येऊ का? माझाही आवाज पडू दे."

"आई, माझ्या पोटाची प्रयोगशाळा करू नकोस," लेकीने तोडून टाकले होते. "आणि तू आलीस की घर तुझं होतं."

शेजारच्या खुर्चीवरून मदतनीस बाईंनी पडद्यावर बोट ठेवले.

"मॅडम, उशीर केलात. मागचे तंतू केव्हाच पार झालेत. आता हिला जाळून काय साधलं? सगळे नीट जागेवर आहेत."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून."

बाई गालातल्या गालात हसून चहा आणायला गेल्या. मॅडम मात्र पडद्याकडे पाहत राहिल्या. वाट पाडणारी पेशी उरली नव्हती, आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते.

त्यांनी फोन लावला.

"मी येत नाही. एवढंच सांगायचं होतं."

"रुसलीस?"

"रुसायला मी काय कुकुलं बाळ आहे?"

पलीकडे लेक हसली. "अगं, तुझा आवाज रोजच ऐकतंय ते. काल ओला टॉवेल गादीवर पडलेला बघून मी यांच्यावर खेकसले, तर हे दचकून उठूनच बसले. म्हणाले, मला वाटलं सासूबाई आल्या."

मॅडम हसल्या नाहीत. उठून त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"कशी खेकसलीस? म्हण बरं पुन्हा."